आंबट बिअर चाखताना: फळ कुठलं आणि आंबटपणा कुठला

नागपूरकराच्या जिभेला आंबट नवीन नाही. ताक, चिंचेचं सार, कैरीचं पन्हं, कवठाची चटणी, आवळा, बोरं. यातलं एकही दुसऱ्यासारखं आंबट नसतं आणि डोळे मिटूनही आपण प्रत्येक ओळखतो. फळ घातलेली आंबट बिअर, क्राफ्ट बिअरवाले जिला ‘सावर’ म्हणतात ती, चाखायला हेच कसब लागतं. पहिल्या घोटाला बहुतेक जण “ही नासली वाटतं” किंवा “हे तर सरबत आहे” म्हणून ग्लास खाली ठेवतात. दोन्ही वेळा चूक एकच असते: सगळा आंबटपणा एकाच गाठोड्यात बांधलेला असतो. दह्याचा आंबट वेगळा, फळाचा वेगळा, सिरक्याचा वेगळा. हे तीन सुटे करता आले की बिअर चांगली की बिघडलेली, फळ खरं की इसेन्स, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडे निघताना डिकीत एखादा कॅन विसरला तर नाही ना, हे बघून घ्या. आणि चाखायचं असेल त्या दिवशी गाडीची चावी घरीच ठेवा.

बिअर आंबट होते कशी

दही लावतात तशीच. मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी काढतात, ते 35 ते 45 अंश सेल्सिअसवर आणून त्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं विरजण घालतात. एक-दोन दिवसांत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 3.2 ते 3.5 पर्यंत उतरतो. साध्या बिअरचा पीएच 4 ते 4.6 च्या आसपास असतो. मग ते पाणी उकळून जिवाणू मारतात, गार करून यीस्ट घालतात आणि यीस्टचं काम उरकत आलं की फळाचा गर घालतात. या पद्धतीला ‘केटल सावर’ म्हणतात. आपल्या हाती लागते ती बहुधा हीच.

यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, अगदी कमी असतात, कारण हॉप्स लॅक्टोबॅसिलसला वाढू देत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सावरमध्ये कडवटपणा लागला तर तो बहुतेक वेळा हॉप्सचा नसतो, फळाचा असतो.

डब्यावर जुन्या जातींची नावंही दिसतात. ‘बर्लिनर वायसे’ ही बर्लिनची, हलकी आणि गव्हाची. ‘गोझ’चं मूळ जर्मनीतल्या गोस्लारचं, नाव झालं लाइपझिगमध्ये, तिच्यात मीठ आणि धणे असतात, म्हणून ती खारट लागली तर दचकू नका. बेल्जियमची ‘लँबिक’ हे निराळंच प्रकरण आहे. ब्रुसेल्सजवळ उघड्या हवेतल्या यीस्टवर आणि जिवाणूंवर ती आंबते, लाकडी पिंपात वर्ष-वर्ष मुरते. तिच्यात आंबट चेरी लिटरला 200 ग्रामच्या आसपास किंवा त्याहून जास्त घालून ‘क्रीक’ करतात. लँबिकमध्ये ओल्या कातड्याचा, गोठ्यातल्या गवताचा वास येतो तो ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टचा. तिथे तो हवाच असतो. तोच वास साध्या आंब्याच्या केटल सावरमध्ये आला तर मात्र काहीतरी चुकलं आहे.

आधी जिभेची तालीम

बिअर उघडण्याच्या आदल्या दिवशी थोडा वेळ काढा. खर्च थोडा आणि उपयोग कायमचा. पाच वाट्या मांडा.

1. ताजं दही 250 ग्राम, मलमलच्या कापडात तासभर टांगून त्याचं गळालेलं पाणी. हा लॅक्टिक आम्ल: मऊ, गोलसर, टोचत नाही.
2. 200 मिली पाण्यात लिंबाचा रस 1 चहाचा चमचा. हा सायट्रिक: चटकन चमकतो, चटकन जातो.
3. 200 मिली कोमट पाण्यात बिया काढलेली चिंच 5 ग्राम, पंधरा मिनिटं भिजवून गाळलेली. हा टार्टारिक: कडक, दातांवर बसणारा.
4. 200 मिली पाण्यात पांढरा सिरका 1 चहाचा चमचा. हा ॲसेटिक: आधी नाकात झणझणतो, मग घशाला लागतो.
5. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, दहा मिनिटं मुरवून गार केलेला. हा आंबट नाहीच, तुरट आहे. जीभ आणि गाल आतून खरखरीत होतात.

प्रत्येकाचा एक घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि वीस सेकंद थांबा. मधे साधं पाणी. पहिली आणि चौथी वाटी तीन-चारदा आलटून पालटून घ्या, कारण चांगली सावर आणि बिघडलेली सावर यांतला फरक बहुतेक वेळा या दोन वाट्यांमधलाच असतो. पाचवी वाटी यासाठी की जांभळासारख्या फळांत आंबट आणि तुरट गळ्यात गळा घालून येतात आणि नवखा माणूस दोन्हींना ‘आंबट’च म्हणतो. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड कोरडं पडतं. एवढी एक खूण पुरे.

आंबट जिभेच्या कडांनाच कळतं असं शाळेत शिकवलं जायचं, ते खरं नाही. चव जिभेवर सगळीकडे कळते. म्हणून घोट पूर्ण तोंडात पसरवायचा, नुसता कडेने ओढायचा नाही.

वेळ, जागा, ग्लास

सकाळी अकराच्या सुमाराची किंवा संध्याकाळी जेवणाआधीची वेळ चांगली. तर्री पोहा किंवा सावजी रस्सा खाऊन निदान दोन तास तरी झालेले असावेत. मिरचीची आग जिभेवर असेपर्यंत आंबट दुप्पट झोंबतं आणि फळ मुळीच लागत नाही. खर्रा खाणाऱ्यांनी त्या दिवशी तो बंद ठेवावा. सुपारीचा तुरटपणा आणि चुना तोंडात असताना सावरविषयी काहीही सांगता येत नाही. दात घासल्यावर तासभर थांबा. टूथपेस्टनंतर संत्रं कडू लागतं, तसंच बिअरचंही होतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी हमखास आड येतात. एक कूलर. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास खोलीभर असला तर नाकाला दुसरं काही कळत नाही. चाखण्याच्या खोलीत पंखा लावा, कूलर शेजारच्या खोलीत चालू द्या. दुसरी गोष्ट पिण्याचं पाणी: माठात वाळा टाकलेला असेल तर ते पाणी बाजूला ठेवा, साधं घ्या. उदबत्ती आणि अत्तर नको, हे सांगायला नकोच.

ग्लास वाइनचा घ्या, पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं. तो नसेल तर काचेचा छोटा कटिंगचा ग्लासही चालेल, स्टीलचा नको. ग्लास खाण्याच्या सोड्याने आणि गरम पाण्याने धुवा, उपडा घालून हवेत वाळवा. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास काचेला चिकटतो आणि मग प्रत्येक बिअरमध्ये लिंबू सापडायला लागतं. कपड्याने पुसलात तर कपड्याचा वास लागतो.

तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे किंवा कोरड्या पोळीचा तुकडा. एका बैठकीत तीन, फार तर चार नमुने, प्रत्येकी 100 मिली. त्यापुढे आंबटाने जीभ थकते आणि पाचवी बिअर कितीही चांगली असली तरी पाणचट वाटते. क्रम हलक्याकडून जडकडे: आधी बर्लिनर वायसे किंवा गोझ, मग फळाचा गर जास्त असलेली, शेवटी लँबिक.

कॅन उघडण्याआधी

डब्यावर चार गोष्टी वाचा: भरल्याची तारीख, अल्कोहोलचं प्रमाण, फळ कशाच्या रूपात (गर, रस की फ्लेवर), आणि लॅक्टोज आहे का. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. यीस्टला ती पचत नाही, म्हणून बिअरमध्ये गोडी आणि जाडी टिकवायला घालतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांना ती पचणार नाही.

मग कॅनचा तळ आणि झाकण बोटाने दाबून बघा. फुगलेला असेल तर जपा. फळाची साखर शिल्लक राहिली, यीस्ट जिवंत राहिलं आणि डबा गरम झाला, की आत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि वायू कोंडतो. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका. पुण्या-मुंबईहून आणत असाल तर बर्फाच्या पेटीतच आणा आणि घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा. थोडा फुगलेला कॅन एक पूर्ण दिवस फ्रिजमध्ये गार करा, ओल्या पंच्यात गुंडाळा आणि सिंकमध्ये, चेहरा लांब ठेवून, हळूहळू उघडा. टणक फुगलेला टाकून द्या. काचेच्या बाटलीवर शंका आली तर उघडायच्या फंदात पडू नका; जाड कपड्यात गुंडाळून टाकून द्या.

गर तळाशी बसतो. कॅन एकदाच हळू उपडा करून परत सरळ करा, पाच मिनिटं उभा ठेवा, मग उघडा. हलवू नका. लँबिकच्या बाटलीचं उलट आहे: ती उभीच ठेवायची, न ढवळता ओतायची आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच सोडायचा.

आता घोट

फ्रिजमध्ये बिअर 4 अंशांवर असते. केटल सावर 7-8 अंशांवर बोलते, लँबिक 10-12 वर. डिसेंबरात कॅन दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, मे महिन्यात पाच मिनिटं पुरतात. थर्मामीटर नसेल तर अंदाज असा: ग्लास हातात धरल्यावर गार लागावा, बोट बधिर होऊ नये. फार गार असेल तर फक्त आंबट आणि बुडबुडे कळतात, फळ झोपलेलं राहतं. मे महिन्यात ग्लास दांडीनेच धरा, तळहाताने धरलात तर पाचव्या मिनिटाला बिअर कोमट होते.

100 मिली ओता. फेस चटकन बसला तर बिअर शिळी समजू नका. आम्ल आणि फळ दोन्ही फेसाचे वैरी आहेत, सावरचा फेस सोड्यासारखा फसफसून जातो.

*पाहा.* उजेडासमोर धरा. आंब्याची किंवा पेरूची गढूळ असणारच. जांभूळ, कोकम, चेरी यांची लालसर-गुलाबी हवी. विटकरी, तपकिरी झाली असेल तर हवा लागून जुनी झाली आहे. रंग फळाचा की बाटलीतला, याची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या बशीत एक मोठा चमचा बिअर घ्या आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फसफसून शांत झालं की बघा. जांभळाचा खरा रंग आम्लात लाल असतो आणि आम्ल मरताच निळसर, राखाडी-हिरवट होतो. लाल तसाच्या तसा राहिला तर तो रंग घातलेला आहे.

*हुंगा.* तीनदा. पहिल्यांदा ग्लास छातीशी धरून, जे तिथवर पोचतं ते. मग नाक काठाशी. मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा. दरवेळी एक-दोन छोटे श्वास, लांब ओढू नका. स्वतःला विचारायचं ते नेमकं: फळ कच्चं, पिकलेलं, शिजवलेलं की गोळीतलं? ‘आंबा’ एवढं लिहून काम भागत नाही. कैरी, पाडाचा आंबा, डब्यातला रस आणि आंब्याची बर्फी, हे चार वेगळे वास आहेत.

*घोट घ्या.* पहिला घोट मोजायचा नाही. आम्लाचा धक्का बसतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या लाळेनेच जीभ पुढच्या घोटाला तयार होते. मत दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर बनवा. घोट 10 ते 15 मिलीचा, दोन चमच्यांइतका. तोंडभर फिरवा, तीन-चार सेकंद थांबा आणि गिळा. थुंकू नका, बराचसा वास गिळल्यावर घशातून नाकात चढतो.

*नाक दाबा.* ही पायरी सर्वांत जास्त शिकवते. चिमटीत नाक धरा, घोट घ्या, तोंडात ठेवा. आता कळतं ते फक्त आंबट, गोड, खारट, कडू, तुरट आणि बुडबुड्यांची टोचणी. फळ गायब. आता गिळा आणि नाक सोडा. फळ अचानक परत येतं. वास नाकाला भरभरून आला होता, पण नाक दाबल्यावर तोंडात नुसतं साधं आंबट पाणी लागलं, ना फळाचं आम्ल ना तुरटपणा ना जाडी, तर तिथे बहुधा इसेन्स आहे. खरा गर तोंडातही मागे काहीतरी ठेवतो.

*थांबा.* गिळल्यावर अर्धा मिनिट. शेवट कोरडा की गोड, आंबट आधी जातं की फळ, मागून कडू येतं का. चांगल्या सावरमध्ये आम्ल आणि फळ साधारण एकत्र ओसरतात. फळ लगेच संपून नुसतं आम्ल दातांवर राहिलं, दात आंबले, तर तोल गेला आहे.

फळ कसं बदलतं

नवख्या माणसाची सर्वांत मोठी तक्रार: “यात आंबा आहे म्हणतात, पण गोड नाही.” यीस्टने फळातली साखर खाल्ली, तिचं अल्कोहोल आणि वायू झाला. मागे उरतं ते आम्ल, वास, रंग आणि तुरटपणा. गोडी गेली की ओळखीचं फळही परकं वाटतं. आंबा गोडीविना कोयीच्या, चिकाच्या वासाकडे झुकतो. पेरूचा वास जोरदार येतो, पण जुना झाला की गंधकासारखा होतो. जांभूळ तुरटपणामुळे तोंडात सर्वांत जास्त वेळ टिकतं. स्ट्रॉबेरी लवकर उडून जाते. ती भरल्यापासून महिना-दोन महिन्यांतच प्यावी.

संत्र्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथला माणूस तेच आधी शोधणार. नागपुरी संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, आंबिया आणि मृग हे त्याचे दोन बहार सगळ्यांना पाठ आहेत, पण बिअरमध्ये ते अवघड फळ आहे. त्याचा वास रसात थोडा आणि सालीच्या तेलात जास्त असतो. नुसता रस घातला तर साखर यीस्ट खातं, वास फसफसून उडतो आणि उरतं फिकट आंबट पाणी. म्हणून जाणता ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, सालीचा वरचा केशरी पापुद्रा किसून घालतो. पांढरा भाग आला की कडू होतं.

कडवटपणाचं दुसरं कारण संत्र्याच्या पोटातच आहे. घरी करून बघा. एक संत्रं सोलून पाकळ्या बियांसकट मिक्सरमध्ये दहा सेकंद फिरवा, गाळा, लगेच चाखा: गोड. तोच रस झाकून फ्रिजमध्ये सहा तास ठेवा आणि पुन्हा चाखा. आता मागून, घशाशी, एक कडवट रेघ येते. बिया आणि पडद्यांत जे द्रव्य असतं त्याला चव नसते. पेशी फुटून ते आम्लात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. सावर बिअर तर आम्लाचंच घर. म्हणून संत्र्याच्या सावरमध्ये पहिला घोट छान आणि शेवट कडू, असं झालं तर समजा की गर गाळताना बिया आणि पडदे नीट काढलेले नाहीत. हॉप्सच्या कडवटपणाबरोबर पानाफुलाचा वास असतो. लिमोनिनला वास नाही, तो उशिरा येतो आणि बसून राहतो.

बिघाड कसा ओळखायचा

सिरक्याची झणझण: हवा शिरली, ॲसेटिक जिवाणूंनी अल्कोहोलचा सिरका केला. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या काही जुन्या जातींत किंचित सिरका चालतो, केटल सावरमध्ये नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास आला तर तोच बिघाड पुढे गेलेला.

ओकारीसारखा किंवा खवट लोण्यासारखा वास: ब्युटिरिक आम्ल. विरजण लावताना नको ते जिवाणू शिरले. अशी बिअर पिऊ नका.

पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास म्हणजे डायासेटिल हे आंबताना तयार होणारं द्रव्य, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा म्हणजे नीट न उकळलेलं जवाचं पाणी, ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवेने किंवा उष्णतेने म्हातारी झालेली बिअर. नागपुरात हा पुठ्ठा सर्वांत जास्त भेटतो, कारण दुकानात फ्रिजबाहेर ठेवलेला माल उन्हाळ्यात भराभर वयात येतो. विकत घेताना फ्रिजमधलाच कॅन मागा.

एक बिघाड फसवा आहे. वास ठीक, चव ठीक, आणि गिळल्यावर पाच-दहा सेकंदांनी उंदराच्या बिळासारखा, ओल्या धान्यासारखा वास तोंडात उगवतो. आम्लात हे द्रव्य गप्प असतं, लाळेने आम्ल कमी झालं की ते जागं होतं. सगळ्यांना ते जाणवत नाही, त्यामुळे शेजारच्याला नाही आलं म्हणून स्वतःच्या नाकावर शंका घेऊ नका.

वहीत काय लिहायचं

पाच ओळी पुरेत, पण त्याच वेळी लिहा, उद्या नाही. नमुना असा:

जांभूळ, केटल सावर, 4.5 टक्के, कॅन, भरून सहा आठवडे.
रंग: गडद गुलाबी, सोड्याने निळसर. फेस लगेच गेला.
वास: पिकलं जांभूळ, मागे ताक.
तोंडात: दह्याचा आंबट आधी, मग तुरट, गोडी नाही. नाक दाबल्यावर तुरटपणा टिकला.
शेवट: कोरडा, वीस सेकंद, कडू नाही. सिरका नाही.

“छान”, “मस्त”, “वेगळी” हे शब्द वहीत येऊ देऊ नका. दोन महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही. ‘मागे ताक’ मात्र कळतं.

झाल्यावर

जेवायला बसलात तर उरलेल्या बिअरबरोबर सांबारवडी किंवा पाटोडी घ्या. तळणाचा तेलकटपणा आम्ल कापून काढतं. सावजीबरोबर नको, आम्ल आणि बुडबुडे मिळून तिखटाची आग वाढवतात. आम्लपित्त किंवा अल्सरचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा मेट्रोनिडाझोलसारखं औषध चालू असेल तर हे सगळं नंतरसाठी ठेवा.

उघडलेला कॅन परत ठेवून उपयोग नाही, बुडबुडे आणि फळ दोन्ही रात्रीतून जातात. उठताना साध्या पाण्याने दोनदा चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका: आम्लाने दातांवरचं आवरण तात्पुरतं मऊ झालेलं असतं, ते घासलं जातं. निदान अर्धा तास, जमल्यास तासभर जाऊ द्या.